भडंगातली पाकळी

(दृश्य: रंकाळा चौपाटी, संध्याकाळ. कागदी पुड्यातलं भडंग, जवळून.)

कुरमुरे, तळलेला लसूण, शेंगदाणे. मोठ्यांच्या दाढेखाली दाण्याचं पीठ होतं. दीड वर्षाच्या पोराला दाढा पुऱ्या आलेल्या नसतात. त्याच्या तोंडात शेंगदाण्याची अख्खी पाकळी, म्हणजे अर्धा दाणा, तशीच राहते. हसताना, रडताना जोरात श्वास ओढला की ती श्वासासोबत आत.

(दृश्य: दुर्बिणीतून श्वासनलिका.)

ही श्वासनलिका. मोठ्या माणसात 10 ते 12 सेंटिमीटर लांब, पुढून कूर्चेच्या, म्हणजे लवचिक मऊ हाडाच्या, 16 ते 20 कड्या. लहान मुलाची जेमतेम त्याच्याच करंगळीएवढी जाड. कड्या मागं जुळत नाहीत, तिथं मऊ स्नायू आहे. त्या मागच्या भिंतीकडं बघा. श्वास घेताना छातीतला दाब उतरतो, नळी किंचित फुलते. सोडताना भिंत आत झुकते. खोकल्यात तर ती पार आत येते. वाट अरुंद होते म्हणून हवा वेगानं सुटते आणि कफ उडवते.

शांत श्वासाला फुप्फुसातला दाब बाहेरच्यापेक्षा 1 सेंटिमीटर उंच पाण्याच्या दाबाइतकाच कमी होतो. तेवढ्या ओढीवर मोठ्या माणसात अर्धा लिटर हवा आत येते, कारण वाट रुंद आहे. प्रवाह संथ असतानाही त्रिज्या निम्मी झाली की अडथळा 16 पट होतो.

(दृश्य: उजव्या फाट्यात अडकलेली पाकळी.)

खाली श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात, एकेका फुप्फुसाकडं. उजवा फाटा जास्त रुंद आणि सरळ, म्हणून दाणा बहुधा तिकडं जातो. आता पाकळीची एकतर्फी झडप कशी होते पाहा. श्वास घेताना फाटा फुलतो, पाकळीच्या कडेनं हवा आत शिरते. सोडताना फाटा आवळतो, हवा आतच कोंडते. ठसका थांबतो, पोरगं खेळायला लागतं, आणि घरच्यांना वाटतं दाणा गिळला. इथंच घात होतो. दाण्याच्या तेलानं अस्तर सुजतं, मग आठवडाभरानं ‘दमा’ म्हणून औषध सुरू होतं.

(दृश्य: दोन एक्स-रे शेजारी शेजारी.)

दाणा एक्स-रेत दिसत नाही. श्वास सोडल्यावर काढलेल्या फिल्ममध्ये कोंडलेलं फुप्फुस काळं, फुगलेलंच राहतं. ठसक्याची हकिकत डॉक्टरांना जरूर सांगा, महिना उलटला असला तरी.

पोराला खोकता, रडता येत नसेल तर पाठीवर 5 थापा, वर्षाच्या पुढच्याला नंतर पोटावर 5 दाब, लगेच 108; घशात आंधळेपणानं बोट नको.

(दृश्य: शस्त्रक्रियागृह.)

भूल दिलेली. ताठ दुर्बीण, लांब चिमटा. भिजलेला दाणा चुरा होतो, म्हणून पकड हलकी. पाकळी बाहेर. आता उजव्या बाजूची छाती बघा.