दहा खुर्च्यांचं 'राष्ट्रीय' सरकार

मंत्रिमंडळाची यादी जाहीर झाली की आपण आधी डोकी मोजतो. कोणत्या पक्षाचे किती, कुणाला किती खाती. ऑगस्ट १९३१ मध्ये लंडनमध्ये जाहीर झालेली ब्रिटनच्या 'राष्ट्रीय', म्हणजे तीन पक्षांच्या, सरकारची यादी या हिशेबाने बघितली तर फार शहाण्या माणसाने केलेली वाटते. एकूण दहा मंत्री. मजूर पक्षाचे चार, हुजूर पक्षाचे चार, लिबरल दोन. पंतप्रधान मजूर पक्षाचे रॅम्से मॅकडोनाल्ड. आता यापेक्षा समतोल वाटणी कुठे मिळणार? पण चार आणि चार सारखे नव्हते, आणि मला आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधीचं मजूर सरकार का पडलं ते बघू. मंदीमुळे बेकारी वाढलेली, पौंडावरचा विश्वास उडालेला. सर जॉर्ज मे यांच्या सरकारी खर्च तपासणाऱ्या समितीने जुलैअखेर अहवाल दिला, त्यात तब्बल बारा कोटी पौंडांची तूट दाखवली. परदेशी कर्ज हवं असेल तर काटकसर करून दाखवा, असा धोशा सुरू झाला. काटकसर म्हणजे काय, तर बेकारभत्त्यात दहा टक्के कपात. २३ ऑगस्टच्या बैठकीत मजूर मंत्रिमंडळाचे अकरा जण कपातीच्या बाजूने आणि नऊ जण विरोधात गेले. विरोधकांत आर्थर हेंडरसनसारखा पक्षसंघटना हातात असलेला माणूस होता. अशा फुटीनंतर सरकार टिकणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मॅकडोनाल्ड राजवाड्यावर गेले ते राजीनामा द्यायला, आणि बाहेर आले ते नव्या सरकारचे पंतप्रधान म्हणून! पंचम जॉर्जनी त्यांना राहायला लावलं. राजाने इतकं पुढे यावं का, यावर तिकडे अजून वाद घालतात.

आता मजुरांचे चार बघा. मॅकडोनाल्ड, अर्थखात्याचे स्नोडेन, वसाहतींचे थॉमस आणि लॉर्ड सँकी. त्यांच्यामागे खासदार किती आले? डझनभरच्या आसपास. बाकी सगळा पक्ष हेंडरसनमागे विरोधी बाकांवर जाऊन बसला, आणि सप्टेंबरात या मंडळींना पक्षातून काढूनही टाकलं. उलट बाल्डविन, नेव्हिल चेंबरलेन, सॅम्युएल होर आणि कन्लिफ-लिस्टर या चौघांमागे अख्खा हुजूर पक्ष. स्वतः बाल्डविननी फारसं खातं नसलेलं लॉर्ड प्रेसिडेंटपद घेतलं. लोकांना तो त्याग वाटला. मला ती हुशारी वाटते. कपातीचं अप्रिय अंदाजपत्रक मांडायचं काम समाजवादी स्नोडेनवर आलं, आणि त्यांनी ते उत्साहाने केलं. नौदलात रोज चार शिलिंग मिळवणाऱ्या जुन्या खलाशाला तीनच मिळणार, अशी बातमी स्कॉटलंडमध्ये इन्व्हरगॉर्डनला असलेल्या आरमाराकडे पोचली आणि खलाशांनी जहाजं हलवायचं नाकारलं. बाजार पुन्हा घाबरला. २१ सप्टेंबरला ब्रिटनने सुवर्णपरिमाण, म्हणजे पौंडाच्या बदल्यात ठरल्या भावाने सोनं द्यायची पद्धत, सोडलं. ज्याच्या रक्षणासाठी हे सरकार बनलं, ते महिन्याभरात गेलं. सरकार मात्र राहिलं.

आपल्याकडे त्याचा धक्का लगेच बसला. वेजवुड बेन यांच्या जागी भारतमंत्री झालेल्या होरनी रुपया पौंडालाच, एक शिलिंग सहा पेन्सच्या भावाने, बांधून ठेवला. सोनं महाग झालं आणि मंदीने पिचलेल्या शेतकऱ्यांच्या घरातले दागिने विकले जाऊन ते सोनं मुंबई बंदरातून बोटीने बाहेर जाऊ लागलं. गांधीजी आणि डॉ. आंबेडकर दुसऱ्या गोलमेज परिषदेला लंडनमध्ये होते, तेव्हा समोर हेच नवं सरकार होतं.

२७ ऑक्टोबरच्या निवडणुकीत सरकारला ६१५ पैकी ५५४ जागा मिळाल्या, मजूर पक्ष ५२वर आला. त्यानंतरचं मंत्रिमंडळ वीस जणांचं होतं आणि त्यात अकरा हुजूर. चेंबरलेन अर्थमंत्री झाले, स्नोडेन लॉर्ड होऊन मंत्रिमंडळातच बाजूच्या पदावर गेले. परराष्ट्र खातं मिळालं जॉन सायमनना. हो, ज्यांना आपल्या लोकांनी काळे झेंडे दाखवले तेच. लिबरलांचेही आता दोन गट होते, सायमनचा वेगळा, हर्बर्ट सॅम्युएलचा वेगळा. आयातजकातीवर मंत्र्यांचं जमेना, तेव्हा जानेवारी १९३२ मध्ये अजब तोड काढली: मंत्रिमंडळात राहूनच मंत्र्यांनी सरकारच्या धोरणाविरुद्ध जाहीर बोलावं! सामूहिक जबाबदारीचा गवगवा करणाऱ्या देशात हे घडलं. ते काही फार चाललं नाही.

ऑगस्ट १९३२ चा, अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ देणारा जातीय निवाडा मॅकडोनाल्डच्या नावाने निघाला. येरवड्यात गांधीजींनी उपोषण मांडलं, २४ सप्टेंबरला पुणे करार झाला आणि तो लंडनने मान्य केल्यावर २६ तारखेला उपोषण सुटलं. त्यानंतर दोनच दिवसांनी, ओटावात साम्राज्यातल्या देशांशी झालेल्या जकातकरारांवरून, सॅम्युएल, त्यांच्याच गटाचे सिंक्लेअर आणि स्नोडेन यांनी राजीनामे दिले. मंत्रिमंडळातलं 'राष्ट्रीय' त्या दिवशी जवळजवळ संपलं. पंतप्रधानपदी मॅकडोनाल्ड जून १९३५ पर्यंत होते. मग त्यांनी आणि बाल्डविननी पदांची अदलाबदल केली, आणि नोव्हेंबरात त्यांच्याच सीहॅम मतदारसंघातल्या खाणकामगारांनी मॅकडोनाल्डना निवडणुकीत पाडलं.