मंडईतला उजेड

[दृश्य: सकाळ. महात्मा फुले मंडई, पुणे. अष्टकोनी मनोरा, खालून वर.]

पुण्याच्या शुक्रवार पेठेतील ही इमारत १८८६ साली भाजीबाजारासाठी खुली झाली, तेव्हा तिला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले होते. १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुले यांनी या बाजारावर होणाऱ्या खर्चाला विरोध केला होता आणि तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, अशी त्यांची मागणी होती. विरोध बाजूला पडला, मंडई उभी राहिली आणि पुढे तिला त्याच जोतीरावांचे नाव मिळाले. मधल्या मनोऱ्यापासून निघालेली लांबच लांब दालने, त्यांवरचे उंच छप्पर आणि ओट्यांवर भाजीच्या राशींमागे बसलेले गाळेधारक ही रचना पुणेकरांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की पिशवी घेऊन आत शिरणारा माणूस मान वर करून छपराकडे क्वचितच पाहतो.

आपल्याला मात्र आज मोबाइलच्या कॅमेऱ्यातून भाजीच्या जोडीने छपराकडे, दारांकडे आणि दिव्यांकडे पाहायचे आहे.

सकाळचे ऊन दालनाच्या तोंडातून आत येते, पण फार खोलवर पोचत नाही. तोंडाशी बसलेल्या विक्रेत्याच्या एका गालावर ते थेट पडते आणि दुसरा गाल सावलीत राहतो. काही गाळे आत गेले की फरशीवरून आणि भाजीवरून उसळलेला मवाळ उजेड तेवढा उरतो, आणि त्याहून आत सगळा व्यवहार डोक्यावरच्या दिव्यांवर चालतो. पन्नास पावलांच्या आत तीन जातींचे उजेड मिळावेत अशी ही जागा आहे. मोबाइलवरील छायाचित्रणाचे कसब दाखवण्यासाठी एखादा घाट किंवा किल्ला आम्ही निवडला नाही, त्याचे कारण हेच आहे. घाटात पावसाळी ढगच निम्मे काम उरकतात आणि श्रेय फोनला जाते.

[दृश्य: दालनाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या काकू, खांद्याला कापडी पिशवी, हातात फोन.]

मंडईत ज्यांना सगळे जण काकू म्हणून ओळखतात, त्या या बाई निवृत्त ग्रंथपाल आहेत. त्यांच्या हातातला फोन पाच वर्षे जुना आहे. विजेचे बिल भरणे, भिशीच्या गटावर निरोप टाकणे, नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलणे, डॉक्टरांची चिठ्ठी टिपून औषधाच्या दुकानात पाठवणे आणि गाळ्यावर टांगलेल्या क्यूआर कोडवर पैसे चुकते करणे, ही या फोनची रोजची कामे आहेत. आपल्यापैकी बहुतेकांचा फोन याहून वेगळे काही करत नाही. या कामांमुळे तो दिवसभर हाताळला जातो, पर्समध्ये किल्ल्या आणि सुट्या पैशांबरोबर पडून राहतो, आणि त्याच्या पाठीवरच्या इवल्याशा भिंगावर बोटांचा तेलकटपणा साचतो.

म्हणूनच कॅमेरा उघडण्याआधी काकू सुती पदराच्या टोकाने भिंग पुसतात. डाग डोळ्यांना दिसत नाही, पण समोर पेटलेला दिवा असेल तर त्याच्या उजेडाचे फराटे संपूर्ण चित्रावर उमटतात, काळा रंग राखाडी होतो आणि चित्रावर धुके आल्यासारखे वाटते. फोन खराब झाला असे समजून नवा घेणाऱ्यांनी त्याआधी एकदा भिंग पुसून पाहावे, असे आम्हांला आग्रहाने सांगावेसे वाटते.

[दृश्य: ओट्यावर काटेरी वांगी, तोंडली, ओल्या कोथिंबिरीच्या जुड्या. जवळून.]

२००० साली जपानमध्ये शार्प कंपनीचा जो कॅमेरा असलेला फोन विक्रीस आला, त्याच्या संवेदकावर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या भागावर, सुमारे १ लाख १० हजार पिक्सेल (चित्राचे ठिपके) होते. आज जाहिरातींत ४८, ५० आणि २०० मेगापिक्सेलचे, म्हणजे तितक्या दशलक्ष पिक्सेलांचे, आकडे झळकतात. हे आकडे खोटे नसतात, पण त्यांतून ग्राहकाचा जो समज होतो तो बहुधा चुकीचा असतो. ४८ मेगापिक्सेलचा फोन सर्वसाधारणपणे शेजारशेजारचे चार पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचेच चित्र हाती देतो. असे करणे त्याला भाग असते, कारण त्याच्या संवेदकाला जागाच थोडी मिळते. फुल-फ्रेम म्हणवल्या जाणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यातील संवेदक ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद असतो, तर मोबाइलमध्ये सर्रास आढळणारा, 'अर्धा इंच' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्गातील संवेदक साधारण ६.४ बाय ४.८ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने जवळजवळ अठ्ठावीस पट लहान असतो. पावसात हंडा ठेवला आणि वाटी ठेवली, तर वाटीत पाणी कमीच साठणार.

ही उणीव फोन हिशेबाने भरून काढतो. आपण बटण दाबतो तेव्हा एकच चित्र टिपले जात नाही. कॅमेरा उघडल्यापासून फोन सतत चित्रे घेत असतो आणि बटण दाबताच त्यांतली काही निवडून, एकमेकांवर जुळवून, त्यांतला कचरा गाळून एक चित्र तयार करतो. गूगलने २०१४च्या सुमारास आपल्या नेक्सस फोनांत अनेक चित्रे जुळवून एक करण्याची रीत रूढ केली, २०१८ मध्ये त्याच तत्त्वावर रात्रीच्या छायाचित्रणाची सोय पिक्सेल फोनांत आणली, आणि आता मध्यम किमतीच्या फोनांतही ती कोणत्या ना कोणत्या रूपात असते. अंधाऱ्या दालनातून उन्हाकडे पाहतानाही आतले आणि बाहेरचे दोन्ही स्पष्ट दिसावे, एवढी किमया या हिशेबाने साधली आहे.

मात्र या हिशेबाला एक खोड आहे: त्याला अंधार खपत नाही. सावली दिसली की ती उजळायची आणि ऊन दिसले की ते दाबायचे, एवढेच त्याला ठाऊक असते. परिणामी मंडईचे कोणतेही दालन कोणत्याही वेळी टिपले तरी ते सारखेच उजळ, सारखेच स्वच्छ आणि एखाद्या दुकानाच्या पत्रकावर छापल्यासारखे दिसते. मोबाइलवर चांगले छायाचित्र काढण्याचे बरेचसे कसब फोनचा हा उत्साह आवरण्यात आहे, असे आमचे मत आहे, आणि पुढची दृश्ये आम्ही त्याच मताने निवडली आहेत.

[दृश्य: पडदा दोन भागांत. उजवीकडे फोनने आपणहून काढलेले चित्र, डावीकडे काकूंनी काढलेले.]

दोन्ही चित्रे एकाच फोनने, एकाच जागेवरून, लागोपाठ काढलेली आहेत. उजवीकडच्या चित्रात विक्रेतीचा चेहरा, तिच्या मागची पोती, छपराच्या कैच्या आणि कोपऱ्यातली झाडणीसुद्धा दिसते. डावीकडच्या चित्रात ऊन लागलेला गाल, कपाळावरचे कुंकू, मेथीची जुडी धरलेला हात आणि वांग्यांवरची चकाकी एवढेच दिसते. बाकी सारे काळोखात आहे. काकूंनी केले ते इतकेच, की पडद्यावर उन्हातल्या गालावर बोट टेकवून ते क्षणभर तसेच ठेवले. त्यामुळे फोकस आणि उजेडाचे माप तिथे पक्के झाले. मग शेजारी उमटलेले सूर्याचे चिन्ह त्यांनी बोटाने किंचित खाली ओढले. ही सोय बहुतेक सर्व फोनांत असते, आणि तिच्यासाठी वेगळे ॲप घ्यावे लागत नाही.

खाली किती ओढायचे, याचे उत्तर समोरच्या वस्तूकडे पाहून ठरते. टोमॅटोच्या राशीवर ऊन असेल तर लाल रंग फार लवकर भडकतो आणि प्रत्येक फळाची गोलाई नाहीशी होऊन एक सपाट लाल डाग उरतो. म्हणून टोमॅटोसाठी त्या अधिक खाली जातात. ओल्या कोथिंबिरीला एवढे दाबले तर ती शिळी दिसते. पांढऱ्या कोबीचे आणि फ्लॉवरचे तंत्र आणखी निराळे आहे, कारण पांढऱ्याने भरलेली चौकट पाहून फोन आपणहूनच चित्र काळवंडून टाकतो आणि त्याला उलट वर न्यावे लागते.

[दृश्य: आतले गाळे. डोक्यावर एलईडी दिवे. फोनच्या पडद्यावर सरकणारे आडवे पट्टे.]

आतल्या बाजूला अडचण बदलते. पडद्यावर सरकणारे हे काळसर पट्टे फोनचा बिघाड नव्हेत. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते, त्यामुळे साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद आणि प्रखर होतात. डोळ्यांना ते कळत नाही. पण कॅमेऱ्याचा झडपवेग (शटर स्पीड) त्याहून जास्त असेल तर चित्राच्या काही ओळी प्रखर क्षणी आणि काही मंद क्षणी टिपल्या जातात आणि पट्टे उमटतात. फोनमध्ये प्रो नावाचा विभाग असेल तर झडपवेग सेकंदाचा शंभरावा किंवा पन्नासावा भाग ठेवावा, म्हणजे पट्टे जातात. मात्र इतक्या संथ वेगाला हात स्थिर हवा, आणि तो कसा ठेवावा हे आता पाहण्यासारखे आहे. काकू दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकवतात, खांदा खांबाला लावतात, अर्धा श्वास सोडतात आणि पडद्यावर बोट न आपटता बाजूचे आवाज वाढवण्याचे बटण हलकेच दाबतात.

दिव्यांच्या रंगाचाही प्रश्न आहेच. पिवळ्या दिव्याखालचा चेहरा आणि मागून येणारा दिवसाचा निळसर उजेड एकाच चौकटीत आले की फोन दोहोंची सरासरी काढतो, आणि माणसाची कातडी मातकट दिसू लागते. यावर काकूंचा उपाय यंत्राशी संबंधित नाही. त्या दोन पावले बाजूला सरकतात आणि चौकटीत एकाच जातीचा उजेड राहील अशी जागा धरतात.

[दृश्य: तराजू, नाणी, मेथी निवडणारे हात. विक्रेती मान वर करून हसते.]

माणसांचे छायाचित्र घेताना अंतराचे महत्त्व फार आहे. फोनचा मुख्य कॅमेरा बऱ्याच रुंद कोनाचा असतो. चेहरा चौकटीत भरावा म्हणून हातभर अंतरावर गेले, तर नाक मोठे आणि कान लहान दिसतात, शिवाय समोरचा माणूस अवघडतो तो वेगळाच. काकू चार-पाच हात लांब थांबतात आणि दुप्पट जवळ आणणाऱ्या पर्यायावर टिपतात. त्याहून पुढे बोटांनी ताणून चित्र मोठे करणे त्या टाळतात, कारण फोनला वेगळे दूरदर्शी भिंग नसेल तर तिथून पुढे नवा तपशील मिळत नाही, हाती असलेलाच फुगवला जातो. पार्श्वभूमी धूसर करणारा पोर्ट्रेट मोडही त्या मंडईत वापरत नाहीत. चेहऱ्यासमोर मेथीची पाने किंवा शेवग्याच्या शेंगा आल्या की जवळचे कोणते आणि लांबचे कोणते याचा फोनला अंदाज राहत नाही, आणि अर्धी जुडी धूसर होऊन हवेत विरते.

या सगळ्याच्या आधी विचारणे येते. आम्ही चित्रण करत असताना या विक्रेतीने काकूंना सांगितले, "आधी भवानी होऊ द्या काकू, मग काय ते फोटो काढा." काकूंनी पावशेर तोंडली घेतली, पैसे दिले, आणि बाजूला उभ्या राहिल्या. पुढची काही मिनिटे त्यांचा फोन हातातच राहिला. गिऱ्हाइके आली, घासाघीस झाली, विक्रेतीला त्यांचा विसर पडला आणि तिने पदर खोचून जुडी झटकली, तेव्हा बटण दाबले गेले. फोन सेकंदाला अनेक चित्रे घेऊ शकतो हे खरे आहे, पण झटकलेल्या जुडीतून पाण्याचे थेंब कोणत्या बाजूला उडतील आणि त्या बाजूला ऊन आहे की नाही, हे आधी उभ्या राहिलेल्या माणसालाच ठाऊक असते.

न विचारता टिपलेले आणि तासाभरात शेकडो गटांवर फिरलेले चेहरे मंडईत पुष्कळ आहेत, आणि त्याबद्दल इथल्या काही जणींच्या मनात नाराजीही आहे.

[दृश्य: छापील छायाचित्र हातात धरलेली विक्रेती. गाळ्यावरचा भावफलक.]

ते चित्र काकूंनी छापून आणले. चार बाय सहा इंचांच्या चांगल्या छपाईला २२ लाखांच्या आसपास पिक्सेल पुरतात, म्हणजे जुन्या फोनच्या १२ मेगापिक्सेलमधलेही बरेच उरतात. छापण्यासाठी पाठवताना त्यांनी ते व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवले होते, कारण नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले चित्र वाटेत आकसते आणि त्याचा बारीक तपशील जातो.

विक्रेतीने चित्र उलटसुलट करून पाहिले आणि नापसंती लपवली नाही. "अहो काकू, मागची भाजी दिसंना की यात. दुधी कुठंय? भाव कुठंय?" सोसायट्यांच्या गटांवर सकाळी ताज्या भाजीचा फोटो टाकून ती मागणी घेते, आणि तिला हवे होते ते याच कामाचे चित्र. तिचे म्हणणे रास्त होते. काकूंनी फोन काढला, भिंग पुसले, राशींच्या बरोबर समोर उभे राहून फलक चौकटीत घेतला, आणि या खेपेला उजेडाला हात न लावता सगळे फोनवर सोपवले. दुधी, पडवळ, अळू, भाव आणि कोपऱ्यातली झाडणी, सगळे लख्ख आले. विक्रेतीने ते तिथल्या तिथे आपल्या फोनवर मागून घेतले आणि पहिल्या गटावर टाकून दिले.