घुबड दिवसा झोपतं

(स्क्रीन काळी. लांबून घुबडाचा आवाज. मग एका खिडकीतला उजेड.)

रात्रीचे दोन वाजलेत. सगळीकडे सामसूम, आणि या एका खिडकीत कोणीतरी जागं आहे, वाचत असेल, चित्र काढत असेल, नाहीतर नुसतंच बसलं असेल कारण दिवसभर जड असलेलं डोकं आत्ता कुठे हलकं झालंय. सकाळी काय ऐकावं लागणार ते त्याला पाठ आहे. "काय रे घुबडा, झोपलास तरी का रात्री?"

मीही हे लहानपणापासून ऐकत आलोय. म्हणून म्हटलं, ज्याचं नाव आपल्याला चिकटवतात तो पक्षी रात्रभर करतो तरी काय ते एकदा नीट बघूया.

(गव्हाणी घुबड, चेहऱ्याचा क्लोजअप.)

हे गव्हाणी घुबड. हा बदामी आकाराचा पांढरा चेहरा दिसतोय ना, तो आवाज गोळा करायचं काम करतो, आणि तो आवाज आत कानांकडे जातो. कानाची भोकं पिसांखाली लपलेली असतात आणि ती एका रेषेत नसतात, एक थोडं वर तर दुसरं थोडं खाली, त्यामुळे उंदीर डावीकडे की उजवीकडे एवढंच नाही तर किती खाली आहे हेसुद्धा त्याला आवाजावरनं कळतं. पूर्ण अंधाऱ्या खोलीत प्रयोग झालेत, डोळ्यांना काहीही दिसत नसताना यानं पालापाचोळ्यातल्या खुसफुशीवरनं उंदीर पकडलाय.

आणि आता उडताना बघा. आवाज येतोय का? मी हेडफोन लावून हा शॉट कितीतरी वेळा बघितला, काहीच ऐकू येत नाही. पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात, मागच्या कडेला झालर, वर मखमलीसारखी लव, हवा कापली जाते पण तिचा आवाज होत नाही. डोळे मात्र खोबणीत फिरत नाहीत, म्हणून अख्खी मान फिरवायची, एका बाजूला जवळजवळ २७० अंशांपर्यंत. आपल्या मानेत ७ मणके, घुबडाच्या मानेत १४.

अशा पक्ष्याचं नाव आपण शिवी म्हणून वापरतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

रात्री जागणाऱ्याला घुबड म्हणायची सवय बऱ्याच भाषांना आहे. इंग्रजीत नाइट आउल, जर्मनमध्येही रातघुबडच. रशियनमध्ये माणसांचे दोन गट, उशिरा झोपणारे घुबड आणि पहाटे उठणारे चंडोल. चिनी बोलीभाषेत अशा माणसाला रातमांजर म्हणतात, आणि गंमत म्हणजे रातमांजर हे तिथे घुबडाचंच बोलीतलं नाव आहे, म्हणजे फिरून पुन्हा घुबडच. आपल्याकडे निशाचर. शब्दाचा अर्थ साधा, रात्री फिरणारा, पण तोच शब्द राक्षसालाही लागला आणि चोरालाही.

(रस्त्यावर बसलेला रातवा, टॉर्चच्या उजेडात चमकणारे डोळे.)

हा संशय पक्ष्यांच्याही वाट्याला आलाय. हा रातवा. दिवसा जमिनीवर असा बसतो की दोन पावलांवर असला तरी वाळकं पान वाटेल. याचं लॅटिन नाव काप्रिमुल्गुस, म्हणजे शेळीचं दूध काढणारा, कारण प्राचीन ग्रीक आणि रोमन लोकांची समजूत होती की हा रात्री येऊन शेळ्यांना पितो. तो यायचा गुरांभोवतीचे किडे खायला! पण अंधारात आलेला म्हणजे चोरच, असं धरलं गेलं आणि ते नाव आजपर्यंत चिकटून राहिलं. इंग्लंडमध्ये पूर्वी लोकर चोरून देशाबाहेर नेणाऱ्यांना आउलर म्हणायचे. पुन्हा तेच, रात्र, घुबड आणि गुन्हा.

एक नाव मात्र मला मनापासून आवडतं. रातव्याच्याच कुळातला नाइटहॉक नावाचा अमेरिकन पक्षी आहे, नावात ससाणा पण ससाण्याशी नातं काही नाही, आणि तिथले काउबॉय रात्रभर घोड्यांचा कळप राखणाऱ्या गड्याला नाइटहॉक म्हणायचे. इथे जागणारा माणूस राखणदार आहे.

आणि हे नुसतं नावापुरतं नसावं. टांझानियात हाद्झा नावाचे शिकार आणि कंदमुळांवर जगणारे लोक आहेत, त्यांच्या ३३ जणांच्या झोपेची नोंद सुमारे २० दिवस ठेवली गेली, तो अभ्यास २०१७ मध्ये आला. सगळ्याच्या सगळे एकाच वेळी गाढ झोपलेत असा वेळ सगळा मिळून फक्त १८ मिनिटं निघाला. कोणीतरी लवकर झोपतं, कोणीतरी उशिरा, आणि पहारा न ठरवताच होतो. म्हणजे माणसांच्या टोळीत उशिरा जागणारा बहुतेक कायमच होता आणि त्याच्या जिवावर बाकीचे निवांत झोपत होते.

शरीरातलं घड्याळ प्रत्येकाचं थोडं वेगळं चालतं. त्यात जीन्सचा वाटा आहे, वयाचाही आहे, विशीच्या आसपास झोप सगळ्यात पुढे सरकते आणि नंतर हळूहळू मागे येते. म्हणून कॉलेजातल्या मुलाला पहाटे उठवून आळशी म्हणणं मला पटत नाही, त्याच्या शरीरात तेव्हा अजून मध्यरात्रच असते.

(पहाट. झाडाची ढोली.)

पण घुबडाशी केलेल्या तुलनेत एक गोष्ट कायम सुटते. घुबड जागरण करत नाही. रात्रभर शिकार केली की ते ढोलीत जाऊन दिवसभर झोपतं, पुरेपूर, कोणी उठवत नाही. नाव आपल्याला त्याचं दिलं, पण त्याची झोप नाही दिली. तीनला डोळा लागलेल्या माणसाला सातला हजर व्हायचं असतं, आणि हे रोज, वर्षानुवर्षं. शरीराचं घड्याळ आणि कामाचं घड्याळ यांतल्या या फरकाला संशोधक सोशल जेटलॅग म्हणतात, प्रवास न करताच लागलेला.

आता बघा, उजाडतंय. घुबडानं मान पिसांत घातली, एक डोळा मिटला, मग दुसरा.

(खिडकी. अलार्म वाजतो.)