बेचाळीस नंबरची तार

(दृश्य : उद्यमबाग, सकाळ. एका गाळ्याचं शटर वर जातं. टेबलावर उघडून ठेवलेली पंपाची मोटार.)

उद्यमबागेत सकाळी लेथ सुरू झाले की चहाच्या टपरीपर्यंत कूलंटचा वास येतो. फौंड्र्या, क्रँकशाफ्ट, हायड्रॉलिकचे पार्ट; बेळगावचा हा कोपरा लोखंडावर जगतो. इथल्या एका गाळ्यात एक मामा मोटार रिवाइंडिंग करतात. शेतातले पंप, पिठाच्या गिरण्या, वडगावच्या मागांच्या मोटारी, सगळं जळून त्यांच्याकडे येतं आणि नवी तार घालून परत जातं.

गेल्या पावसाळ्यात मी त्यांच्यापुढं एक वस्तू ठेवली. बोटाएवढी लांब, काळी, वर सहा चकचकीत टिकल्या.

"हे कशाचं ओ?"

"गिटारचं, मामा. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप. आवाज बंद पडलाय."

त्यांनी मीटर लावला. काही दाखवेना. चष्मा कपाळावर सारून त्यांनी तो उजेडात धरला.

"तार तुटलीय आत. खरं ही तार आहे की केस?"

केसच म्हणायचा. इलेक्ट्रिक गिटारच्या पोटात पोकळी नसली तरी चालतं, कारण आवाज लाकडातून बाहेर पडत नाही. स्टीलच्या सहा तारा, त्यांच्याखाली सहा चुंबकं, चुंबकांभोवती तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार टर्न. वरची तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये अगदी बारीक वीज उठते. ती केबलमधून अँपला, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या अँप्लिफायरला जाते. मामांच्या मोटारीत वीज दिली की हालचाल होते, इथं हालचाल दिली की वीज मिळते. हे मी सांगितलं तेव्हा मामा एवढंच म्हणाले, "म्हणजे डायनॅमो की!"

हो, डायनॅमोच. आणि बेळगावात गिटारचा आवाज कसा घडत गेला, हे सांगायचं तर याच टेबलापासून सुरुवात करावी लागते.

(दृश्य : गणेशोत्सवाची रात्र. मंडपातले दिवे, मागे कर्णे.)

नव्वदच्या दशकात मी गल्लीतल्या ऑर्केस्ट्रात वाजवायचो. गिटारचा अँप नावाची वेगळी वस्तू असते, हे ऐकून होतो, पाहिली नव्हती. मंडपात असायचा अहुजाचा अँप्लिफायर, ज्यावर आरती व्हायची, देणगीदारांची नावं वाचली जायची. त्याच्याच एका चॅनेलला गिटारची पिन. बाजूच्या गल्लीत बेंजो पार्टी. तिथल्या बेंजोलाही पिकअप, तोही असाच कर्ण्यातून तळपायचा. आमच्या कानाला विजेच्या तारांचा आवाज पहिल्यांदा कळला तो असा, चिरका आणि बेफाम.

पुढं नारिंगी डब्याचं डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे पायानं चालू करायचं, आवाज मुद्दाम फाडणारं यंत्र, हातात आलं. बॉस कंपनीचं डीएस-1, 1978 पासून बनतंय. लावलं आणि कर्ण्यातून गांधीलमाश्यांचं मोहोळ उठलं. गायकानं मागं वळून बघितलं. पेडल बिघडलंय असं मला वाटलं. कारण कळायला कित्येक वर्षं गेली. गिटारच्या अँपमधला बारा इंची स्पीकर पाचेक हजार हर्ट्झच्या वरचं फारसं वाजवतच नाही. डिस्टॉर्शनची वरची सगळी खरखर तो गिळतो, आणि मागं उरतो तो जाड, गाणारा आवाज. कर्ण्याचं काम नेमकं उलटं. शब्द लांबवर स्पष्ट ऐकू जावेत म्हणून तो बनवलेला, त्यामुळं तो ती खरखर गिळत नाही.

तेव्हा उपाय एकच होता, गिटारवरचं टोनचं बटण. ते उतरवलं की एक छोटा कपॅसिटर वरचे स्वर जमिनीला सोडून देतो. मी ते चारवर आणून ठेवायचो. आजही, चांगल्या अँपपुढं बसलो तरी, हात आपोआप त्या बटणाकडं जातो आणि चारवर थांबतो. माझा टोन मंडपात ठरला आणि मला तो आवडतो.

(दृश्य : कॅम्प. जुनं कौलारू घर, व्हरांडा.)

कॅम्पातल्या एका अंकलचं याच्या अगदी उलट. चर्चच्या क्वायरमध्ये त्यांची उमर गेली. चोर्ला घाट उतरला की गोवा, शंभरेक किलोमीटर. त्यांचे वडील तिकडून आले ते गिटार घेऊनच. अंकल पोकळ अंगाची गिटार वाजवतात आणि तिच्यावर फ्लॅटवाउंड तारा चढवतात, म्हणजे वरचं वेटोळं चपट्या पट्टीचं, बोट सरकवलं तरी सर्रकन आवाज येत नाही. अँपवर ट्रेबल जवळजवळ शून्य. डिस्टॉर्शनचा विषय काढला तर ते चहा पुढं करतात. मी त्यांना दोन तास ऐकलं. एकही स्वर मोठा नव्हता आणि एकही हरवला नाही.

(दृश्य : पुन्हा उद्यमबाग. लेथवर फिरणारा पितळी रॉड.)

आमच्यात सगळ्यात हट्टी माणूस टूलरूममध्ये काम करतो. वय तीसच्या आतबाहेर. त्याच्याकडे फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर पद्धतीची गिटार आहे. मूळ टेलिकास्टर 1951 ची. त्याआधी काही महिने ती ब्रॉडकास्टर नावानं विकली गेली. तिच्या ब्रिजवर, म्हणजे तारा खाली जिथं टेकतात तिथं, पितळेचे तीनच दंडगोल असायचे, एकेकावर दोन तारा. त्याच्या स्वस्त गिटारवर ओतीव हलक्या धातूचे आले होते. त्यानं पितळी रॉडचा तुकडा घेतला, सुट्टीच्या वेळेत लेथवर चढवला आणि स्वतःचे तीन घडवले.

आता तीन दंडगोलांवर सहा तारा म्हटल्यावर सूर पूर्ण जुळत नाहीत. एक तार बाराव्या पडद्यावर (फ्रेटवर) बरोबर लागते, तेव्हा शेजारची थोडी चढी राहते. त्यानं स्क्रूची भोकं किंचित तिरकी पाडली, त्यामुळं दंडगोल तिरपा बसतो आणि दोन्ही तारांना हवी ती लांबी मिळते. ही युक्ती जगात आधीपासून आहे हे त्याला नंतर कळलं. "मग? मी माझी काढली की," म्हणाला. व्हर्नियरनं मोजून त्यानं मला दाखवलं, तिन्ही दंडगोल जुळे.

पितळेनं आवाज बदलला का? तो म्हणतो, घंटेसारखा झाला. मला फरक ऐकू येतो, पण तो किती पितळेचा आणि किती नीट बसलेल्या तारेचा, यावर आमचा रविवार जातो. भांडताना दोघंही चुकतोय असं वाटलं की आम्ही पुन्हा वाजवून बघतो.

(दृश्य : खानापूर. पाऊस. कौलांवरून धारा.)

खानापुरात गणिताचे एक सर आहेत. त्यांच्या जुन्या घराची एक बाजू पावसात ढासळली, तेव्हा दाराची शिसवी चौकट निघाली. कित्येक पिढ्या वाळलेलं, जांभळट काळं लाकूड. खानापूरच्या जंगलात शिसव उभी आहे, पण परवानगीशिवाय तिला हात लावता येत नाही. जगभरच्या गिटारींच्या फिंगरबोर्डवर, म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीवर, मात्र हीच भारतीय शिसव बसलेली असते. 2017 च्या जानेवारीत शिसवीच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले आणि वाद्यं देशाबाहेर विकायलाही कागद लागू लागले. परदेशातल्या कारखान्यांनी काही गिटारींना दुसरी लाकडं लावली. वाद्यांना सूट मिळाली ती 2019 च्या नोव्हेंबरात. सरांना या कशाचीच गरज पडली नाही. चौकट घरची होती, फिंगरबोर्ड तिचाच केला.

पडद्यांची जागा काढायचा हिशेब त्यांनी फळ्यावर मांडून दाखवला. तारेची लांबी 648 मिलिमीटर. तिला 17.817 नं भागायचं. आलं 36.37. पहिला पडदा नटपासून, म्हणजे तारा वर जिथं टेकतात त्या पट्टीपासून, तेवढ्यावर. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्यानं भागायचं, दुसरा पडदा. असं करत बारावा बरोबर अर्ध्यावर, 324 वर येतो. आला नाही तर कुठंतरी चुकलं. "पडताळा आपोआप होतो," असं सांगताना सरांचा चेहरा बघण्यासारखा होता.

अडलं ते करवतीशी. पडद्याची खाच अर्ध्या मिलिमीटरहून थोडीच रुंद लागते, सुताराची करवत तिथं फार जाड. मग हॅक्सॉ ब्लेडचे दात दोन्ही अंगांनी ग्राइंडरवर घासले आणि त्या ब्लेडनं बावीस खाचा पाडल्या. तीन दिवस. जूनमध्ये हवा ओली झाली की नेक, म्हणजे गिटारची मान, हलते, तारा पडद्यांना घासू लागतात. मग सर नेकमधला लोखंडी रॉड ॲलन कीनं पाव आटा सैल करतात आणि दिवाळीनंतर तो परत आवळतात. इकडं आपण तार घासू नये म्हणून जिवाचं रान करतो आणि मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कारागीर त्याच घासण्याला जवारी म्हणून घासून घासून आकार देतात. सरांच्या नेकचा हाडाचा नट तिथल्याच एका कारागिरानं करून दिलाय.

ही सगळी माणसं बघताना मला दोन जुन्या दुकानांची आठवण येते. लिओ फेंडरचं 1938 मध्ये कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. टेलिकास्टर त्याची, 1954 ची स्ट्रॅटोकास्टर त्याची. दुसरं लंडनमधलं, जिम मार्शल नावाच्या ड्रमरचं. 1962 च्या सुमारास त्याच्या दुकानातल्या माणसांनी फेंडरच्याच बासमन अँपचं सर्किट समोर ठेवून आपला अँप बांधला. पण व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर जे इंग्लंडात मिळाले ते घातले. सर्किट जवळपास तेच राहिलं आणि आवाज दुसराच निघाला. पुढं रॉक म्हणून जगानं जो आवाज ओळखला तो हाच. म्हणून कुणी मला "खरा टोन कुठला" विचारलं, की मी आधी विचारतो, तुझ्या गावात काय मिळतं?

(दृश्य : रिवाइंडिंगचा गाळा. वाइंडिंग मशीन, आकडे मोजणारं काउंटर.)

मामांच्या टेबलावर परत येऊ. जुनी तार कापून काढली. पुस्तकी माहिती माझ्याकडे होती, बेचाळीस नंबरची तार. मी बाजारात गेलो, बेचाळीस नंबरची मागितली, घेऊन आलो. मामांनी बॉबिन मशीनवर चढवली. काउंटर तीन हजारांच्या आसपास आलं आणि बॉबिन गच्च भरली. मीटरवर हजार ओहमसुद्धा नाहीत, हवे होते सहा हजार. लावून बघितलं तर आवाज लांबून कुणी बोलावं तसा, पातळ.

चूक माझी. पुस्तकातला बेचाळीस अमेरिकी गेजचा, 0.063 मिलिमीटर. आपल्या बाजारात तार मिळते ती ब्रिटिश गेजवर, आणि तो बेचाळीस म्हणजे 0.1 मिलिमीटर. मला मागायला हवी होती शेहेचाळीस. आकड्याला आकडा जुळला म्हणून मी मोजलंच नाही. टूलरूमवाल्यानं मायक्रोमीटर लावून दोन मिनिटांत दाखवलं आणि एक शब्द बोलला नाही. ते जास्त लागलं.

शेहेचाळीसची रिळं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आली. आता तार दिसेचना, फक्त उजेडात लकाकायची. मामांनी बोटांत नमद्याचा तुकडा धरला, त्यातून तार सोडली. चारशेवर तुटली. पुन्हा. हजारावर तुटली. मोटारीची तार ओढायची सवय असलेले हात, त्यांना एवढा नाजूक ताण नवा. मी खुर्चीवर चुळबुळ करत होतो. मामा स्वतःशीच कन्नडमध्ये म्हणाले, "सावकाश री, सावकाश." हा एक शब्द दोन्ही भाषांत सारखाच. त्यानंतर त्यांनी पंखा बंद केला, गाळ्याचं शटर अर्धं ओढलं आणि श्वास धरून हँडल फिरवत राहिले.

7,800 टर्न. तार किलोमीटरभराहून थोडी जास्त, एका बोटभर बॉबिनवर.

सवयीनं मामांनी वार्निशचा डबा पुढं ओढला. मी थांबवलं. इथं मेण लागतं. कॉइल सैल राहिली तर मोठ्या आवाजात तिचे टर्न स्वतःच हलतात आणि पिकअप किंचाळतो. मेणबत्तीचं मेण आणि थोडं मधमाशीचं मेण, पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवलं आणि पिकअप त्यात बुडवला. बारीक बुडबुडे येत राहिले. ते थांबेपर्यंत आम्ही दोघं भांड्याकडं बघत बसलो.

(दृश्य : गाळ्यातच एक छोटा अँप. मोटारींच्या मधोमध गिटार.)

मीटर दाखवतोय 5.9 किलोओहम. पिकअप गिटारमध्ये बसवला. मामांनी स्क्रूड्रायव्हर चुंबकाला लावला, अँपमधून "टक्". त्यांनी सहाही चुंबकांना लावून बघितला. मग मी अँप वाढवला आणि वाजवायच्या आधीच गाळाभर गुणगुण पसरली.

मामांनी डोकं वर केलं. ही गुणगुण त्यांच्या ओळखीची. पन्नास सायकल. सगळी उमर त्यांनी ती मोटारीत ऐकलीय.

"लाइन येऊलाय की यात!"

सिंगल कॉइल आहे, मामा, येणारच. ही घालवायला गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरनं 1955 मध्ये दोन कॉइलचा पिकअप काढला, उलटसुलट वेढ्यांचा, त्यात गुणगुण आपली आपल्याला कापते. मी हे सांगत होतो, पण मामांचं लक्ष माझ्याकडं नव्हतं. त्यांनी आपला तळवा तारांवर ठेवला. गुणगुण बसली. हात उचलला, पुन्हा आली. ठेवला, गेली.

"अर्थिंग," ते म्हणाले, आणि लहान पोरासारखे हसले. तारा आतून अँपच्या अर्थला जोडलेल्या. माणसानं स्पर्श केला की त्याच्या अंगानं गोळा होणारा आवाजही तिकडंच जातो. मी काही समजावलं नाही. त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

बाहेर टूलरूमची पाळी सुटली होती. दोघं-तिघं अर्ध्या शटरखालून वाकून आत आले. मामांनी हात तारांवरून काढला आणि मला खूण केली.

"हं. वाजव आता."