पाठ टेकायला जागा

नमस्कार मंडळी. गाव सोडून शहराकडं जाणाऱ्यांवर बोला म्हणून सांगितलंय, तर मी सुरवात माझ्या आजोबांच्या वळकटीपासनं करतो.

आम्ही गडहिंग्लजकडचे. आजोबा मुंबईत लालबागला गिरणीत होते आणि राहायला गावकऱ्यांचा मिळून एक गाळा, त्यात तिन्ही पाळ्यांची माणसं, म्हणजे पहिल्या पाळीवाल्यानं वळकटी गुंडाळली की रात्रपाळी करून आलेला तिथंच आडवा व्हायचा. जेवण खानावळीत, घरी मनीऑर्डर, गणपतीला ट्रंक घेऊन स्वतः हजर. हालच होते, उगाच गोड करून सांगत नाही. पण गावातनं नवीन पोरगं मुंबईत उतरलं तर पहिल्या रात्री झोपायचं कुठं हा प्रश्न त्याला पडायचा नाही. पुढं 18 जानेवारी 1982 ला संप लागला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि आमच्या भागातली लय माणसं गावाकडं आली ती परत गेलीच नाहीत. आजोबांच्या ट्रंकेत आई आता हरभरा ठेवते.

मग प्रश्न असा की शहरात एवढी बेकारी असताना माणसं जातातच कशाला? 1970 मध्ये हॅरिस आणि टोडारो नावाच्या दोन अर्थतज्ज्ञांनी ह्याचं उत्तर काढलं. माणूस फक्त शहरातला पगार बघत नाही, पगार किती आणि काम लागायचा चान्स किती, ह्या दोन्हीचा गुणाकार करतो, आणि तो गावातल्या कमाईपेक्षा जास्त भरला की पिशवी उचलतो. केनियात 1964 ला सरकारनं मालकांना जास्तीची माणसं कामावर घ्यायला लावली, तर ती बातमी ऐकून खेड्यातनं आणखी लोक शहरात आले आणि बेकारी होती तिथंच. आपल्याकडं एका पोराला एमआयडीसीत काम लागलं की त्याच्या मागनं गल्लीतली चार पोरं जातात, त्यातलाच प्रकार.

पण मला ह्या हिशोबात एक गोष्ट कमी वाटते. काम लागेपर्यंत थांबायला पैसा लागतो. दोन एकर ऊस आणि गोठ्यात दोन म्हशी असलेल्याचा पोरगा पुण्यात सहा महिने कॉट बेसिसवर राहू शकतो, बाप दुधाच्या बिलातनं पैसे पाठवतो, इंटरव्ह्यू देत बसायला त्याला परवडतं. ज्याच्या वाटणीला पाच गुंठे आलेत त्याला पोचल्या दिवशीच हजेरी पाहिजे, मग ठेकेदार देईल ते काम. दोघं एकाच एसटीनं गेले तरी दहा वर्षांनी एकाचा फ्लॅट असतो आणि दुसरा अजून शेअरिंगच्या रूमवर. भारतात वरच्या 1 टक्का लोकांकडं 2022-23 मध्ये देशातली 40 टक्के संपत्ती होती, असा पिकेटी ह्या फ्रेंच अर्थतज्ज्ञाचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या आकड्याचं मला काही कळत नाही म्हटलं तरी चालेल, पण हे सहा महिन्यांचं भाडं मला बरोबर कळतं.

आणि हे कोल्हापुरात शाहू महाराजांना कवाच कळलं होतं बघा. शाळा फुकट केली तरी खेड्यातलं पोरगं शिकायला आल्यावर राहणार कुठं, जेवणार कुठं? म्हणून 1901 पासनं जातीजातींची बोर्डिंगं उभी राहिली. दसरा चौकाच्या आसपास फिरताना त्या इमारती बघा एकदा, आपण रोज तिथनं गाडी मारत जातो आणि बघत नाही.

बरं, आपण कोल्हापूरवाले पोरं शहराला पाठवतो म्हणून रडतो, पण आपल्याकडं पण माणसं येतातच की. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत यूपी-बिहारची पोरं आणि दिवाळीच्या आगंमागं बीडकडनं ऊसतोडीच्या टोळ्या. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे दोघांची एक जोडी धरतात. मुकादमाकडनं उचल आधीच घेतलेली, म्हणजे सीझन सुरू व्हायच्या आधीच अंगावर कर्ज, आणि ते टनावर तोडून फेडायचं. मतदान गावात, पोरांची शाळा गावात, आणि माणसं चार-पाच महिने इथं कोपीत, म्हणजे झोपडीत.

औंदा एक टोळी आमच्या रानाच्या कडेला उतरली. दुसऱ्या दिवशी एक बाई कळशी घेऊन आली, दादा, बोरचं पाणी भरू का? मी म्हटलं भरा की, सकाळी आठला या, मी मोटर चालू करतो. मला वाटलं मी लय मोठं काम केलं. ती काय बोलली नाही. चार दिवस कोण आलंच नाही म्हणून मी मुकादमाला विचारलं, तर तो हसला, म्हणाला मालक, बाया पहाटे चारला उसात जातात, आठला कोण येणार तुमच्याकडं?

आणि चार दिवस त्यांनी ओढ्याचं पाणी वापरलं.

ह्या आठवड्यात आमच्याकडं शेतीची लाईट रात्री दहाला येते. मी तवा मोटर टाकतो, ती आणि तिची पोरगी मोबाईलची बॅटरी लावून बांधावरनं येतात, सहा-सात कळशा भरतात. पोरगी सातवीत आहे म्हणाली. शाळा कुठली विचारलं, तर म्हणाली, गावातली.