नाकातली नळी आणि मांडवीवरचा पूल

(दृश्य: मांडवीचं पात्र. बांधून होत आलेल्या पुलाच्या पिवळ्या तारा. गाड्यांचा ताफा पुलावर येतो.)

१६ डिसेंबर २०१८. रविवार. मांडवीवरच्या तिसऱ्या पुलाचं काम संपत आलंय. गाडीतून एक माणूस दोघांच्या आधाराने खाली उतरतो. नाकात नळी आहे, चिकटपट्टीने बसवलेली. आजूबाजूला अभियंते, अधिकारी, आणि त्यांच्याही पुढे घुसलेले कॅमेरे.

हे गोव्याचे मुख्यमंत्री, मनोहर पर्रीकर. ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या एम्समधून त्यांना घरी आणलं, त्यानंतर लोकांना ते असे उघड्यावर दिसले ते आजच.

(चित्र थांबतं. नळीवर.)

इथे जरा थांबू. आधीचे दहा महिने गोव्यात या एकाच विषयावर बोलणं चाललं होतं, आणि बोलणाऱ्यांच्या हाती धड माहिती काहीच नव्हती.

(दृश्य: म्हापशाचा बाजार. चहाचे ग्लास, मासळीच्या टोपल्या.)

म्हापसा हे त्यांचं गाव. आयआयटीत शिकलेला, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि पायात चपला घालून फिरणारा हा माणूस अर्ध्या गोव्याचा 'भाई' होता. केंद्रातलं संरक्षण खातं सोडून मार्च २०१७ मध्ये ते परत आले ते चौथ्यांदा मुख्यमंत्री व्हायला. चाळीस जागांच्या विधानसभेत भाजपचे तेरा आमदार, काँग्रेसचे सतरा. तरी सरकार बनलं भाजपचं, कारण मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) आणि गोवा फॉरवर्ड या स्थानिक पक्षांनी पाठिंबा दिला तो पर्रीकरांकडे बघून. म्हणजे सरकारची सगळी मदार एका माणसावर. तो आजारी पडल्यावर त्याच्या प्रकृतीचं राजकारण होणार नाही, तर काय होणार?

फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईचं लीलावती रुग्णालय. आजार स्वादुपिंडाचा, एवढंच बाहेर आलं. २२ तारखेला तिथून सुटले ते त्याच दिवशी पर्वरीला विधानसभेत, अर्थसंकल्प मांडायला. मोजकंच वाचलं. तीन दिवसांनी बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, दाखल. मार्चमध्ये अमेरिका. जूनमध्ये परत. ऑगस्टमध्ये पुन्हा अमेरिका. सप्टेंबरमध्ये एम्स, महिनाभर.

या सगळ्या काळात सरकारकडून येणारं उत्तर ठरलेलं: प्रकृतीत सुधारणा आहे.

(दृश्य: मोबाइलचा पडदा, एकामागून एक येणारे संदेश. मजकूर पुसट ठेवावा.)

'भाई कसो आसा?' हा प्रश्न टॅक्सी स्टँडवर, देवळात, लग्नाच्या पंगतीत. आणि उत्तर व्हॉट्सॲपवर, दर आठवड्याला नवं. एप्रिलमध्ये तर त्यांच्या प्रकृतीबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पोलिसांनी एकाला अटकही केली. अफवा पसरवणाऱ्याला पकडायला माणसं होती. डॉक्टरांच्या सहीचं चार ओळींचं पत्रक दर आठवड्याला काढायला मात्र कुणी नव्हतं. तेवढं निघालं असतं, तर आम्हाला ही फिल्म करायची वेळ आली नसती.

सप्टेंबरमधली एक गोष्ट सांगायलाच हवी. फ्रान्सिस डिसोझा आणि पांडुरंग मडकईकर या दोन मंत्र्यांना वगळण्यात आलं. दोघेही आजारी होते. मुख्यमंत्री त्या वेळी एम्समध्ये होते, आणि मुख्यमंत्रीच राहिले.

'कॅन्सर' हा शब्द सरकारमधल्या कुणी उघडपणे उच्चारला तो २७ ऑक्टोबरला, आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी. पहिल्यांदा रुग्णालयात गेल्यापासून आठ महिने उलटून गेल्यावर. प्रकृतीची माहिती द्या म्हणून मामला उच्च न्यायालयातही गेला. मुख्य सचिवांच्या प्रतिज्ञापत्रात उत्तर होतं, ही खासगी बाब आहे.

(दृश्य: दोना पावलचा रस्ता, फलक, पोलिसांचे अडथळे. मूळ आवाज ठेवावा.)

२० नोव्हेंबर. पूर्णवेळ मुख्यमंत्री द्या, नाहीतर राजीनामा द्या, ही मागणी घेऊन लोक त्यांच्या घरावर चालत निघाले. पोलिसांनी मोर्चा घराच्या अलीकडेच अडवला. आत मुख्यमंत्री अंथरुणावर, बाहेर घोषणा. मोर्चातल्या काहींनाही हे अवघड गेलं असणार.

(दृश्य: पुन्हा पूल. आता रंगरंगोटी झालेला, झेंडे, मंडप.)

२७ जानेवारी २०१९. याच तिसऱ्या पुलाचं, अटल सेतूचं, उद्घाटन. पाच किलोमीटरहून थोडा लांब, चार पदरी, जुन्या दोन्ही पुलांपेक्षा कितीतरी उंच. पणजीच्या बसस्टँडवर उभं राहिलात तरी मान वर करून बघावा लागतो. १९८६ च्या पावसाळ्यात इथला पहिला पूल कोसळला आणि फेरीबोटींवर दिवस काढले, ते आठवणाऱ्या पिढीला हे बांधकाम म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पर्रीकरांना तो आपल्या हयातीत पुरा झालेला बघायचा होता, असं त्या वेळी सगळेच म्हणत. मंचावर नितीन गडकरी. पर्रीकर बसूनच बोलतात. आवाज खोल गेलेला. आणि तेव्हा गाजत असलेल्या हिंदी चित्रपटातली ओळ: 'हाऊज द जोश?'

(मूळ ध्वनी: गर्दीचं उत्तर. निवेदन नाही. आठ सेकंद.)

तीन दिवसांनी, ३० जानेवारीला, अर्थसंकल्प. नळी तशीच. सविस्तर भाषण करता येत नाही, पण जोश आहे, आणि मी पूर्ण होशमध्ये आहे, असं ते सभागृहाला सांगतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा एम्स.

मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने १६ मार्च २०१८ पासून गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या होत्या, ट्रक दारात उभे होते. त्यावरही वर्षभर तोडगा निघाला नाही.

(दृश्य: मिरामारचा किनारा. माणसांची रांग. संगीत नको.)

१७ मार्च २०१९, रविवार, संध्याकाळ. वय ६३.

(दृश्य: रात्र. राजभवनाचं फाटक, आत जाणाऱ्या गाड्यांचे दिवे.)

१८ तारखेला मिरामारवर अंत्यसंस्कार. त्याच रात्री, घड्याळात दोन वाजत आले असताना, दोना पावलच्या राजभवनात प्रमोद सावंत यांचा शपथविधी. पाठिंबा देणाऱ्या दोन्ही पक्षांना एकेक उपमुख्यमंत्रिपद.