दिव्यातलं पाणी आणि आडव्या सायकलची चेन

(हातात बाहेरच्या भिंतीवरचा दिवा. काचेच्या आत थेंब.)

हा दिवा आयपी ६५ आहे, म्हणजे धूळ आणि पाणी अडवण्याचा दर्जा. ६ म्हणजे धूळ आत शिरणार नाही, ५ म्हणजे पाण्याची धार मारली तरी चालेल. गॅस्केटही शाबूत आहे. मग हे थेंब आले कुठून?

दिव्यानेच ओढून घेतले! रात्री दिवा तापला की आतली हवा फुगते आणि थोडी बाहेर पडते. तापलेल्या कव्हरवर पावसाची सर आली की आतली हवा झपकन आकसते, दाब घसरतो आणि बाहेरचं पाणी सापडेल त्या फटीतून आत येतं. बहुतेकदा केबल ग्लँडमधून, म्हणजे केबल जिथून आत जाते त्या आवळायच्या तोंडातून, कधी केबलच्याच तारांच्या मधून. नव्या, थंड दिव्यावर नुसती धार मारून हे कळत नाही.

यावर लोक सिलिकॉन थापतात. मग आत गेलेल्या पाण्याची बाहेर पडायची वाटही बंद होते. त्यापेक्षा बॉडीला खालच्या बाजूने व्हेंट प्लग द्या. त्याच्या पातळ पडद्यातून हवा ये-जा करते, पाण्याचा थेंब जात नाही. ग्लँडही खालूनच घ्या, आणि केबल गोल हवी. चपटी केबल गोल ग्लँडमध्ये कधीच नीट आवळली जात नाही. दिव्यात शिरण्याआधी केबलला खाली लोंबता वळसा ठेवा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी तिथेच गळेल.

डिझायनरचं अर्धं काम हे असं असतं: हवा कुठून जाईल, उष्णता कुठून जाईल. बाहेरचा आकार त्यानंतर.

(कॅमेरा आडव्या सायकलकडे.)

हिला रिकम्बंट म्हणतात. पाठीला टेकून, पाय पुढे करून चालवायची. समोरून वारा कमी लागतो, म्हणून सपाटीवर वेगवान. १९३३ मध्ये फ्रेंच सायकलपटू फ्रान्सिस फोरने शार्ल मोशे या फ्रेंच कारागिराने बनवलेल्या अशाच सायकलवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापलं. १९३४ मध्ये यूसीआयने, म्हणजे सायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, शर्यतीच्या सायकलची व्याख्या अशी केली, की हा प्रकारच बाहेर पडला.

वारा सुटला, पण चेन अडली. पेडल पुढे, ओढायचं चाक मागे, मधे सीट. चेन वाकवावी लागते, त्यासाठी हा दातेरी आयडलर, म्हणजे चेनला नुसती वळवणारी मोकळी फिरणारी चकती.

याच्यावर भार किती येतो? पेडलवर ५०० न्यूटन, क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, १७० मिलिमीटर, चेनरिंग, म्हणजे पेडलजवळची दातेरी चकती, ३९ दात्यांची, म्हणजे त्रिज्या साधारण ७९ मिलिमीटर. चेनमधला ताण जवळपास १०८० न्यूटन. चेन २० अंशांत वळवली तर आयडलरवर सुमारे ३७५ न्यूटन, म्हणजे ३८ किलो टांगल्यासारखं. म्हणून ताणाच्या बाजूला बेअरिंगवरचा आयडलरच हवा आणि वळण जमेल तितकं कमी. परतीची चेन सैल असते, ती प्लास्टिकच्या नळीतून गेली तरी चालते.

जाता जाता टायरचं. नुसतं ‘२० इंच’ सांगून टायर मागवू नका. ४०६ आणि ४५१ (टायर बसतो तिथला रिमचा व्यास, मिलिमीटरमध्ये) हे दोन्ही रिम त्याच नावाने विकले जातात, आणि एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही.

आता तपासणी. मागचा ब्रेक घट्ट दाबा, पेडलवर भार द्या, आणि नजर आयडलरच्या ब्रॅकेटवर ठेवा. तो डोळ्यांना हलताना दिसला, तर चढावर चेन उतरणारच. आधी ब्रॅकेट जाड करा, मग चेनलाइन, म्हणजे चेनची सरळ रेष, जुळवत बसा.